माझ्या बाबाच्या मरणाचे साक्षीदार

मोठेबाबांनी आयुष्यात कधी अंदाजाने उत्तर दिलं नाही. रस्त्यावर कोणी मोटारसायकल थांबवून विचारलं, "भाऊ, पुढचं गाव किती दूर आहे?" तर ते म्हणायचे, "आज नाई गेलो मी तिकडं." विचारणाऱ्याला वाटायचं, म्हातारा टिंगल करतो आहे. तसं नव्हतं. मागच्या आठवड्यात ते त्या गावाला जाऊन आलेले असायचे. पण मधल्या आठ दिवसांत नाल्याने रस्ता खाल्ला असेल, वळसा पडत असेल, कोण जाणे. आभाळ भरून आलं की शेजारचा मुद्दाम विचारायचा, "दसरूभाऊ, पाणी येते काय आज?" मोठेबाबा वर बघायचे आणि म्हणायचे, "मी वर नाई गेलो."

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबाचे मोठे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. मी सात वर्षांची असताना माझा बाबा तापाने गेला. त्यानंतर आई शेत बघायची आणि मोठेबाबा मला बघायचे. मागच्या हिवाळ्यात तेही गेले. त्यांच्या मरणाची नोंद मी पाचव्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन केली. संगणकावरची मुलगी म्हणाली, "ताई, एवढी घाई काय? एकवीस दिवस असतात ना." सांगायला बसले असते तर तिचं जेवण राहिलं असतं. म्हणून इथे लिहिते आहे. मला असं लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्यावं.

मोठेबाबांना त्यांचं वय माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली गोष्ट ते सांगत नसत. गावात आधार कार्डाचा कॅम्प आला तेव्हा मशीनवरच्या पोराने जन्मतारीख विचारली. मोठेबाबा म्हणाले, "तेवा मी लहान होतो, मले मोजता येत नव्हतं." पोराने हसून एक जानेवारी टाकली. गावातल्या निम्म्या माणसांचा जन्म एक जानेवारीचाच आहे. पण मोठेबाबांनी पावती घरी आणली, मी वाचून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी ते ती परत द्यायला निघाले. "माय म्हणे मी मोहफूल येचताना झालो. जानेवारीत मोहफूल असते काय?" तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी कॅम्पच उठून गेला होता. पुढे टपालाने कार्ड आलं ते त्यांनी घरात ठेवलं, पण आपलं म्हणून कधी मानलं नाही. कोणी मागितलं तर द्यायचे आणि म्हणायचे, "हे एका जानेवारीतल्या मानसाचं हाय."

अशा माणसाला कोर्टात साक्षीला उभं करायची वेळ माझ्यामुळे आली.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. चंद्रपूरला मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठल्या कागदाला किती घाबरायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी पालक म्हणून मोठेबाबांची सही चालली. दुसऱ्या वर्षी फॉर्म ऑनलाइन झाला. त्यात चौकट होती, वडील हयात की मयत. हयात म्हटलं तर वडिलांची सही मागायचा. मयत म्हटलं तर दाखला जोडल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. गृहपाल मॅडम म्हणाल्या, "मार्चअखेरपर्यंत मी तुला सांभाळून घेते. पण तोवर दाखला आण. नाहीतर तुझी जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला द्यावी लागेल." जागा गेली म्हणजे कॉलेज गेलं. गावाहून रोज येण्यासारखं अंतर नव्हतं आणि खोली घेऊन राहण्यासारखं घर नव्हतं.

आम्ही ग्रामसेवकांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते, नवीन बदलून आले होते. त्यांनी त्या वर्षाचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पानं उलटली आणि म्हणाले, "त्या वर्षी तुमच्या गावात कोणी मेलेलंच नाही."

मोठेबाबा बोटांवर मोजू लागले. "माहा भाऊ. कोतवालाची सासू. पांदीतला बुढा. अन् त्या कुंभाराचं जुळ्यातलं एक." मग विचारलं, "हे चार मंग कुठी गेले?"

ग्रामसेवकांनी रजिस्टर मिटलं. नोंद आढळत नाही असा दाखला त्यांनी त्याच दिवशी शिक्का मारून दिला. वर्षापेक्षा जुनं मरण असेल तर नोंदीसाठी तालुक्याच्या कोर्टाचा हुकूम लागतो, असंही सांगितलं. तेव्हा तसंच होतं. आता नियम बदलला म्हणतात. बाबा मेल्याची नोंद नाही हा दाखला आम्हाला अर्ध्या तासात मिळाला. बाबा मेल्याचा दाखला मिळायला सात महिने लागले.

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली वकीलसाहेब बसायचे. अर्जदार मी, आणि बाबाला माती देताना हजर असलेले साक्षीदार मोठेबाबा. वकीलसाहेबांनी भराभर विचारायला सुरुवात केली आणि टायपिस्टची बोटं चालू लागली. नाव, गाव, कारण. मग ते म्हणाले, "मृत्यूची तारीख?"

"मोहफूल सरत आलं होतं," मोठेबाबा म्हणाले.

"तारीख सांगा भाऊ."

"तारीख तेवा आमच्या घरी नव्हती."

टायपिस्ट थांबला. वकीलसाहेब हसले. "काही हरकत नाही. एक मे टाकू. लक्षात राहायला सोपी, झेंडावंदन असते."

"अन् एक मेले तो जिता असन तं?"

"भाऊ, बारा वर्षं झाली. एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर काय बिघडते?"

मोठेबाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला. हे त्यांचं चिडणं. "साहेब, समजा तो चार मेले गेला. तुमी एक लिवली. म्हनजे तीन दिवस तो जिता असून मी त्याले मारला. भाऊ हाय ना तो माहा."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. बाहेरच्या तीन लोकांनी येऊन मोठेबाबांना समजावलं. चहावाल्यानेही समजावलं. कोणीतरी म्हणालं, सरकारला तारखेशी मतलब, खऱ्याखोट्याशी नाही. मोठेबाबा सगळ्यांचं नीट ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "तुमचं बराबर हाय. पन मले मालूम नाई." टायपिस्टने त्या जागी टिंबं टिंबं टाकून कागद मशीनमधून काढला. त्या टिंबांच्या जोरावर आम्ही दोन महिने काढले.

त्या काळात मी घरी गेले की मोठेबाबांना रोज तेच विचारायचे. बाजाराचा दिवस होता का? चांदणं होतं का? मी त्या दिवशी काय करत होते? एकदा ते दोऱ्या वळत बसले होते. सहज म्हणाले, "त्याले आंगोळ घातली तेवा त्या बोटावरची शाई लय घासली मी. गेलीच नाई. तशीच माती दिली."

"कसली शाई?"

"मतदानाची."

मी हातातली परात खाली ठेवली. "मोठेबाबा, मतदान होऊन किती दिवस झाले होते?"

"ते मालूम हाय ना," ते म्हणाले, जणू हे कोणीही विचारलं असतं तर सांगितलं असतं. "मतदान झालं. त्याच्या नंतरचा दुसरा बाजार. त्या बाजारातून त्याच्यासाठी गोळ्या आनल्या मी. दुसऱ्या दिवशी उजाडता गेला."

आमचा बाजार सोमवारचा. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मोबाइलवर त्या वर्षीच्या लोकसभेच्या मतदानाची तारीख काढली, सोमवार मोजले आणि मंगळवारवर बोट ठेवलं. मोठेबाबांनी माझ्याकडून तो हिशेब तीनदा करून घेतला. मग टिंबांच्या जागी तारीख बसली. वकीलसाहेब म्हणाले, "भाऊ, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" मोठेबाबा म्हणाले, "तुमी तारीख इचारली. शाई कुठी इचारली?"

नंतर कोर्टाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावली. नोटीस छापून आली तो अंक मी घरी नेऊन वाचला. 'सदर इसमाच्या मृत्यूची नोंद घेण्यास कोणाचा आक्षेप असल्यास त्याने तीस दिवसांच्या आत हजर व्हावे.' मोठेबाबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. जेवताना एकदम म्हणाले, "आक्षेप तं मले हाय."

मी घाबरले. म्हटलं, "मोठेबाबा, तो नोंदीचा आक्षेप. मरणाचा नाही."

"मरनाचा आक्षेप कोनाकडं द्या लागते?"

आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि विषय तिथेच राहिला. पण ते तीस दिवस संपेपर्यंत मला धाकधूक होती, की हे खरंच जाऊन उभे राहतील.

मोठेबाबांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नसत. कोर्ट हे त्यांच्या मते दारच होतं. पावसाळ्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी वास्ते, म्हणजे भाजीसाठीचे बांबूचे कोवळे कोंब, आणले आणि टायपिस्टला दिले. अर्ज दाखल होऊन तारीख लागली तेव्हा सीताफळं आणली. पळसाच्या पानांच्या द्रोणात चार पिकली फळं घेऊन ते थेट आत गेले आणि न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवून हात जोडून बाजूला उभे राहिले. न्यायाधीश तरुण होते, नागपूरकडचे असावेत. ते खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले. शिपाई धावला, वकीलसाहेब धावले, द्रोण उचलला गेला. वकीलसाहेबांनी बाहेर आणून त्यांना सांगितलं, "भाऊ, याला लाच म्हणतात! गुन्हा आहे!"

"चार सीताफळं?"

"चार असो की एक असो."

मोठेबाबा विचारात पडले. "मंग त्यायच्या घरी पाहुने कसे जातात?"

ती सीताफळं आम्ही बाहेर पायरीवर बसून खाल्ली. शिपायाने लांबून बघत विचारलं, "गोड आहेत का?" मोठेबाबांनी एक पुढे केलं. तो मागे सरला.

साक्षीचा दिवस जानेवारीत लागला. आदल्या दिवशी वकीलसाहेबांनी पढवलं होतं, जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं. हा सल्ला मोठेबाबांना द्यायला नको होता.

शपथ घ्यायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आगुदर इचारा साहेब, मंग सांगतो खरं सांगता येते का नाई." न्यायाधीशांनी समजावलं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, तेही खरंच धरतात. हे ऐकून मोठेबाबांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत कोणीतरी त्यांच्या बाजूचं बोललं होतं. त्यांनी शपथ घेतली.

"सोमा तुमचा कोण?"

"लहाना भाऊ."

"सोमा आता कुठे आहे?"

"घरी हाय साहेब."

वकीलसाहेबांच्या हातातलं पेन पडलं. ते टेबलाखाली गेलं आणि त्याच्यामागे वकीलसाहेबही गेले. ते बराच वेळ वर आले नाहीत.

"घरी?" न्यायाधीश म्हणाले. "मग हा अर्ज कशाचा आहे?"

"तो मेल्याचा."

"ते मेले आहेत आणि घरी आहेत?"

"होय साहेब. मेला तेवा गावाबाहेर ठेवला. धान निघाल्यावर घरी आनला."

मला पुढे होऊन बोलावं लागलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडे माती दिल्यानंतर, पीक निघालं की नात्यातली माणसं ओढ्यावर जातात. मडक्यात पाणी धरतात. पाण्यात मासोळीचं पिल्लू, झिंगा, काही जिवंत आलं की गेलेला माणूस आला असं समजून वाजतगाजत घरी आणतात आणि घराच्या आतल्या कोपऱ्यात पूर्वजांजवळ बसवतात. मग तो घरचाच. रोज जेवायच्या आधी त्याच्या नावाने घास ठेवतात. मोठेबाबा खोटं बोलत नाहीत. बोलता येत नाही त्यांना.

न्यायाधीशांनी ऐकून घेतलं. लिहिणाऱ्या बाईंना म्हणाले, "लिहा. साक्षीदाराच्या म्हणण्याप्रमाणे मयताचा अंत्यविधी व त्यानंतरचे विधी रूढीप्रमाणे झाले." मग त्यांनी ग्रामपंचायतीकडून आलेल्या कागदांची फाइल उघडली. आणि तिथे खरी अडचण निघाली.

बाबाचं नाव मतदार यादीत होतं. शिधापत्रिकेत होतं. त्याहून मोठं म्हणजे, मेल्यानंतर दोन वर्षांनी तळ्याच्या खोदकामावर त्याने चौदा दिवस मजुरी केली होती. हजेरीपटावर त्याचं नाव होतं आणि चौदाही दिवस अंगठा होता. कोणी लावला, कोण जाणे. सरकारच्या सगळ्या कागदांत माझा बाबा धडधाकट होता. मेला होता तो फक्त मोठेबाबांच्या तोंडून.

"यावर तुमचं काय म्हणणं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. "सोमा तळ्याच्या कामावर गेला होता?"

वकीलसाहेब डोळ्यांनी खुणा करत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. मोठेबाबा मात्र खरंच विचार करत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर तो कोपरा असावा, ते चौदा दिवस असावेत.

"नाई गेला," शेवटी ते म्हणाले. "गेला असता तं मले सांगून गेला असता. जिता होता तेवाबी सांगून जाये."

न्यायाधीशांनी फाइल उचलून तोंडासमोर धरली. ती हलत होती. फाइल खाली आली तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता आणि डोळे ओले होते. मोठेबाबा हळूच मला म्हणाले, "साहेबाले वाईट वाटलं."

मग शाईचा प्रश्न आला. मोठेबाबांनी बोट, शाई, बाजार, गोळ्या सगळं क्रमाने सांगितलं. न्यायाधीशांनी त्यांना उलटसुलट विचारलं, एक शब्द बदलला नाही. "गोळ्या कोणत्या होत्या?" विचारलं तेव्हा म्हणाले, "मले मालूम नाई." "ताप किती दिवस होता?" "मी जंगलात होतो. चार दिवस मी पाह्यला. त्याच्या आगुदरचा मले मालूम नाई." न्यायाधीशांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, "या साक्षीदारावर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही."

हुकूम फेब्रुवारीच्या शेवटी मिळाला. ग्रामसेवकांनी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दाखला दिला. बारा वर्षांनी माझा बाबा एका छापील ओळीत मेला. मोठेबाबांनी दाखला हातात घेऊन उलटासुलटा बघितला, तारखेवर बोट ठेवून मला वाचायला लावली आणि म्हणाले, "बराबर हाय."

दाखला मी एकटीच नेऊन दिला असता, पण ते ऐकेनात. "शपथ मी घेतली, मीच पोचवतो." म्हणून आम्ही दोघं चंद्रपूरला आलो. गृहपाल मॅडम कार्यालयात होत्या. मी दाखला दिला. त्यांनी मूळ प्रत बघितली, झेरॉक्सवर शिक्का मारला, संगणकात काहीतरी भरलं. स्क्रीनवर पुढचं पान उघडलं. माझी जागा राहिली.

मी निघणार होते. मॅडम अजून तो कागद बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, किती लहान होतीस तू." मग मोठेबाबांकडे वळून, "भाऊ, बसा. कसा होता तुमचा भाऊ?"

मोठेबाबा बसले नाहीत. सात महिन्यांत त्यांना शेकडो प्रश्न विचारले गेले होते आणि सगळ्यांची उत्तरं त्यांनी दिली होती. तारीख, वार, शाई, गोळ्या. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मला वाटलं, आता म्हणतील, मले मालूम नाई.

"त्याले पोहता येत नव्हतं बाई," ते म्हणाले. "धाकात राहे पान्याच्या. मी म्हनलं होतं, औंदा शिकवतो."

आणि ते दारातच खाली बसले, दुपट्टा तोंडाला लावून, आवाज न करता. बाबाला माती देताना ते रडले नव्हते असं आई सांगते. मॅडमनी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि दार लोटून घेतलं, बाहेरच्या मुलींना दिसू नये म्हणून.

आमच्याकडे जाणारी बस तीनची होती. ती गेली. मोठेबाबा साडेपाचच्या बसने गेले.